परगावचा कुत्रा : आगमन, कागदपत्रे आणि टोचणी

लाखांदूर तालुक्यातील दिघोरीत बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांचे चार वर्ग पडतात : विमानाने आलेला, चारचाकीने आलेला, पायी आलेला आणि रात्री कोणीतरी आणून सोडलेला. रेबीजच्या लसीबाबत कायदा या चौघांकडून सारखी अपेक्षा ठेवत नाही. पहिल्याला कागदांची जाडजूड फाईल लागते, दुसऱ्याचे एका दाखल्यावर भागते, तिसऱ्याला कोणी काही विचारत नाही आणि चौथ्याबद्दल ज्याला विचारायचे तो माणूस तोवर गाडी वळवून साकोलीच्या पुढे गेलेला असतो. रोगाचा धोका मात्र उलट्या क्रमाने वाढत जातो. ज्याच्याकडे कागद जास्त त्याचा धोका कमी, आणि ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्यापासून चार हात लांब राहावे, असा हा हिशेब आहे.

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला घाई नसते. कुत्र्यात लक्षणे दिसायला साधारणपणे दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ जातो. एवढ्या काळात कुत्रा शेपटी हलवतो, भाकरी खातो, कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला हजर राहतो आणि कोणालाही संशय येत नाही. लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय उरत नाही. कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही नाही. लसीचेही काम लगेच होत नाही. टोचल्यावर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. देशोदेशींच्या नियमांत ‘लस देऊन किमान तीन-चार आठवडे झालेले असावेत’ अशा धर्तीची अट दिसते ती यामुळेच. ‘काल टोचला, आज आणला’ या वाक्याने मालकाचे समाधान होते, विषाणूचे होत नाही.

दुसरी अट वयाची. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या कामात अडथळा आणते, म्हणून पहिली टोचणी साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. पिल्लू घरी आणण्याचे गावातले वय मात्र वेगळे आहे. डोळे उघडले, दुडूदुडू चालू लागले आणि घरातल्या पोरांनी रडून घर डोक्यावर घेतले की ते पिल्लू आणण्याजोगे झाले असे समजतात. हे साधारण दीड महिन्यात घडते. पुढचा दीड महिना पिल्लाचे संरक्षण पोरे करतात आणि पोरांचे संरक्षण देव करतो.

बाहेरच्या कुत्र्याबाबत एवढी काटेकोर भूमिका का, हे ब्रिटनकडे पाहिले की कळते. त्या बेटाने कुत्र्यांच्या तोंडाला मुसके बांधून आणि बाहेरच्या कुत्र्यांना अडवून 1902 मध्ये रेबीज संपवला. पुढे पहिले महायुद्ध आले. परतणाऱ्या सैनिकांनी आघाडीवर जीव लावलेली कुत्री लपवून घरी आणली आणि 1918 मध्ये रोगही त्यांच्याबरोबर उतरला. तो पुन्हा निपटायला 1922 उजाडले. त्यानंतर कित्येक दशके ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत; ही अट 2000 मध्ये सैल झाली. ऑस्ट्रेलिया अजूनही कडक आहे. 2015 मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप याच्या खाजगी विमानातून पिस्टल आणि बू ही दोन यॉर्कशायर टेरियर जातीची कुत्री न कळवता तिथे पोहोचली. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी जाहीर सांगितले की कुत्री परत न्या, नाहीतर त्यांना मारून टाकावे लागेल. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी मालक-मालकिणीने कॅमेऱ्यासमोर बसून दिलगिरी व्यक्त केली. दोन्ही कुत्री मिळून एका पिशवीत मावतील एवढी होती. विषाणू त्याहून लहान असतो, हे त्या मंत्र्यांनी ध्यानात ठेवले होते.

आता वर्ग पहिला. परदेशातून बिऱ्हाड हलवून परतणाऱ्या प्रवाशाला आपल्यासोबत दोन पाळीव प्राणी आणता येतात. त्यासाठी केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून आधी ना-हरकत घ्यावी लागते. रेबीजची लस निघण्याच्या एक महिन्याहून आधी, पण बारा महिन्यांच्या आत दिलेली असावी लागते. सोबत तिकडच्या पशुवैद्याचा आरोग्य दाखला हवा. कुत्र्याच्या कातड्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि तिच्यावर 15 आकडी क्रमांक असतो. दिघोरीच्या गोठ्यातल्या गाई-म्हशींच्या कानात 12 आकडी पिवळा बिल्ला असतो. गावातल्या कुत्र्याला आकडाच नसतो. त्याला मोत्या, शेरू, टायगर यांपैकी एक नाव असते आणि तेही प्रत्येक आळीत निराळे.

असा कुत्रा नागपूरला थेट उतरत नाही. विलगीकरणाची केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. मुंबईला उतरून, तपासणी होऊन, विदर्भ एक्स्प्रेसने भंडारा रोडला येईपर्यंत त्याच्या अंगावर जितके शिक्के बसलेले असतात तितके गावातल्या सातबाऱ्यावरही नसतात. उलटा प्रवास याहून कठीण आहे. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर लसीनंतर किमान तीस दिवसांनी त्याचे रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरले तर तो उत्तीर्ण, आणि उत्तीर्ण झाल्यावरही रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचे. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम आवळले : कुत्रा सहा महिन्यांचा तरी हवा, चिप हवी, आणि भारतासारख्या जास्त धोक्याच्या देशातून येणार असेल तर लसीचे कागद आणखी बारकाईने पाहिले जातात. न्यू जर्सीतल्या लेकाकडे आईवडिलांना नेणे आणि कुत्र्याला नेणे यांत कोणते काम लवकर होते, याचे उत्तर त्या वर्षीच्या व्हिसाच्या रांगेवर अवलंबून असते.

वर्ग दुसरा : पुण्या-मुंबईच्या नोकरीतून दिवाळीला घरी येणारा कुत्रा. हा बहुधा लॅब्राडोर असतो आणि त्याच्याबरोबर मालक असतात. पुणे, मुंबई इथल्या महापालिका पाळीव कुत्र्याचा परवाना देताना लसीचा दाखला मागतात, म्हणून याची पुस्तिका बहुधा भरलेली असते. प्रवासासाठी 1978 चे प्राणी वाहतूक नियम लागू होतात. त्यांनुसार कुत्रा प्रवासाला योग्य आहे आणि त्याच्यात रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाचे लक्षण नाही, असा पशुवैद्याचा दाखला सोबत हवा. नसेल तर वाहतूकदाराने माल नाकारायचा. रेल्वेत कुत्र्यासह बसायचे तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो. ते परवडत नसेल तर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत आणि मालक शयनयानात, अशी ताटातूट होते.

हे नियम लिहिणाऱ्याला कुत्र्यांची चांगली माहिती होती, हे वाचताना जाणवते. उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे. मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा आणि पिल्लाला चार तासांतून एकदा खाऊ घालावे. माजावर आलेल्या कुत्रीला नराबरोबर नेऊ नये. तापट स्वभावाच्या कुत्र्याला मुसके बांधून, स्वतंत्र पिंजऱ्यात, धोक्याची चिठ्ठी लावून न्यावे. सहा तासांहून लांबचा रेल्वेप्रवास असेल तर सोबत माणूस हवा. रस्त्याने सार्वजनिक वाहनातून न्यायचे झाल्यास पिंजरा टपावर ठेवू नये, वाहनाने शक्यतो एकसारखा वेग राखावा, एकाएकी ब्रेक मारू नये आणि धक्के कमीत कमी बसतील असे पाहावे. साकोलीहून लाखांदूरकडे पावसाळ्यात एसटीने येणाऱ्या माणसांसाठी असा नियम अजून झालेला नाही.

दिघोरीत पोहोचल्यावर मात्र दाखला कोणी मागत नाही. ग्रामपंचायत घरपट्टी विचारते, पाणीपट्टी विचारते. कुत्र्याची पुस्तिका विचारत नाही. तपासणी करतात ती गावातली कुत्री. गाडीचे दार उघडले की सात-आठ जण गोळा होतात, पाहुण्याला पुढून आणि मागून हुंगतात, आणि शाम्पूचा वास आल्यावर त्यांच्यात गंभीर मतभेद होतात. याच पहिल्या अर्ध्या तासात चावाचावी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणजे लसीचा उपयोग व्हायचा तो इथे, छपरीसमोर होतो. भंडारा रोडच्या फलाटावर नाही.

लसीच्या दाखल्याऐवजी मालक काही पर्यायी दाखले सादर करतात. ते तोंडी असतात. पहिला, “चावत नाही जी तो.” हा सर्वांत प्रचलित असून तो बहुधा कुत्रा पायाला लटकलेला असताना दिला जातो. दुसरा, “बांधलेला असतो.” रोज पहाटे साखळी सोडली की कुत्रा कुठे जातो, याची नोंद या दाखल्यात नसते. तिसरा जातीचा : भारी जातीचा, महागडा कुत्रा पिसाळत नाही अशी समजूत. विषाणू किंमत विचारून शिरत नाही. चौथा, “जंताचं औषध दिलं आहे.” जंताचे औषध जंतांवर चालते. पाचवा, “लहान असताना एकदा टोचला होता.” रेबीजची लस मालकाच्या आठवणीवर टिकत नाही, तिची मात्रा साधारण दरवर्षी पुन्हा द्यावी लागते.

वर्ग तिसरा पायी येणाऱ्यांचा. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. माणसे तीन गावांहून येतात, त्यांच्या मागोमाग कुत्री येतात. नाटक पहाटे संपते. माणसे घरी जातात, कुत्र्यांपैकी काहींना दिघोरी आवडलेली असते. शंकरपटाला बैलजोड्यांच्या मागे कुत्री येतात. मेंढपाळांचे कळप धानाच्या बांध्यांत बसायला येतात, त्यांची राखणीची कुत्रीही त्यांच्यासोबत असतात. वरातीबरोबर आलेला कुत्रा नवरीकडचा की नवऱ्याकडचा, यावर दोन्ही मांडवांत एकमत होत नाही. जेवण होईपर्यंत तो दोघांचा असतो आणि चावल्यावर कोणाचाच नसतो. या साऱ्यांना 1978 चे नियम लागू करता येत नाहीत, कारण त्यांत वाहतूकदार, माल आणि पाठवणारा गृहीत धरला आहे. स्वतःच स्वतःला वाहून आणणाऱ्या कुत्र्याची तरतूद त्यांत नाही.

वर्ग चौथा सर्वांत अवघड. शहरातल्या किंवा मोठ्या गावातल्या तक्रारी वाढल्या की काही कुत्री रात्रीतून गाडीत भरली जातात आणि दूरच्या हद्दीत उतरवली जातात. तिकडची तक्रार मिटते, म्हणजे इकडे वर्ग होते. कायद्याला हे मान्य नाही. 10 मार्च 2023 रोजी लागू झालेले प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की भटका कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी, ओळखीसाठी कानाला कातर मारावी आणि जिथून उचलला तिथेच सोडावे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय हाती घेतला. 11 ऑगस्टच्या आदेशात दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असे म्हटले. 22 ऑगस्टला त्यात बदल होऊन लस आणि नसबंदी झालेली कुत्री जागच्या जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी ठेवा, असे ठरले. 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री मात्र हलवून परत तिथे सोडू नका, असा आदेश झाला. ‘दिघोरीला नेऊन सोडा’ असे यांपैकी एकाही आदेशात नाही.

कुत्री मारून टाकण्याचा जुना मार्गही महाराष्ट्रात करून झाला आहे. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल पेटली. पारशी समाज त्यात पुढे होता, दुकाने बंद झाली आणि बंदोबस्ताला लष्कर आणावे लागले. कुत्री मुंबईत अजून आहेत. मारलेल्या कुत्र्याची जागा रिकामी राहत नाही. आठवड्याभरात शेजारच्या हद्दीतला, लस न घेतलेला दुसरा कुत्रा तिथे राहायला येतो. म्हणजे मोहिमेनंतर गावात परगावच्या कुत्र्यांचीच संख्या वाढते.

मग वर्ग तीन आणि चार यांना लस कशी द्यायची? याचे काम करणारे उत्तर गोव्यात सापडले. 2014 पासून तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार मिळून गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना टोचत आले आहेत. पाळीव कुत्रा मालकाने धरायचा, भटका जाळ्यात पकडायचा, टोचायचे, अंगावर रंगाची खूण करायची, मोबाईलवर नोंद करायची आणि सोडून द्यायचे. ध्येय सत्तर टक्क्यांचे : एखाद्या भागातली सुमारे 70 टक्के कुत्री टोचलेली असली की विषाणूला एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला वाट सापडत नाही आणि साथ विझते. 2018 नंतर काही वर्षे गोव्यात माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सिंधुदुर्गातून किंवा कर्नाटकातून हद्द ओलांडणाऱ्या कुत्र्याकडे पास मागता येत नाही, हे तिथेही खरेच. पण टोचलेल्या कुत्र्यांच्या गावात एक पिसाळलेला पाहुणा शिरला तर त्याचा रोग पुढे सरकत नाही. परगावच्या कुत्र्यापासून गाव वाचवायचे असेल तर आधी गावचीच कुत्री टोचावी लागतात, असा याचा अर्थ होतो. फाटकावर पहारा ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडते, शिवाय दिघोरीला फाटक नाही.

गावावर कायदेशीर जबाबदारीही आहे. 2009 च्या पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या यादीत रेबीज आहे. जनावर पिसाळल्याचा संशय आला तर मालकाने किंवा ते ज्याच्या ताब्यात असेल त्याने गावच्या अधिकाऱ्याला अथवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि तिथून पशुवैद्याला कळवले जायचे, असा क्रम आहे. प्रत्यक्षात ही खबर प्रथम पानठेल्यावर पोहोचते, तिथे कुत्र्याचा रंग दोनदा बदलतो आणि चावा घेतलेल्यांची संख्या दुप्पट होते. पशुवैद्यापर्यंत ती पोहोचते तेव्हा कुत्रा तिसऱ्या गावात असतो.

टोचणी होते ती ढोरांच्या दवाखान्यात. लसीची बाटली दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, म्हणून ती फ्रीजमध्ये असते आणि वीज गेली की फ्रीजचे दार उघडायला सगळ्यांना मनाई असते. मात्रा एक मिलिलिटरची. टोचायला काही सेकंद लागतात. बाकीचा वेळ कुत्रा धरण्यात जातो. घरी सिंहासारखा वागणारा कुत्रा दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारतो, साखळी ओढली की मानेचा पट्टा कानांपर्यंत येतो आणि कुत्रा तिथेच राहतो. “तुम्ही धरा, डॉक्टर” असे मालक म्हणतात आणि “कुत्रा तुमचा आहे” असे डॉक्टर म्हणतात. शेवटी दुपट्ट्याने तोंडाला वेढा देऊन मानेमागे गाठ मारतात, एक जण डोके काखेत घेतो, मानेवरची कातडी चिमटीत उचलली जाते आणि सुई आत जाऊन बाहेरही येते. कुत्र्याला बहुधा कळतही नाही. मग बाटलीवरचे लेबल सोलून पुस्तिकेत चिकटवतात, त्यावर तारीख, सही आणि शिक्का पडतो. त्या लेबलावर लसीचा बॅच क्रमांक आणि मुदत असते. दाखला खरा आहे की नाही हे विमानतळावरचा अधिकारी याच लेबलावरून पाहतो, त्यामुळे ढोरांच्या दवाखान्यातली ही चिकटपट्टी मुंबईतही चालते.

एवढे करूनही कोणी चावलाच, तर कुत्र्याचा दाखला माणसाच्या जखमेवर लावता येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. तिखट, चुना, हळद, तेल यांची जागा स्वयंपाकघरात आहे. त्यानंतर सरकारी दवाखाना : कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी, मग त्यानंतर तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी देतात, रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरतात. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची दहशत अजून अनेकांच्या मनात आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेंपल यांनी ती 1911 मध्ये कसौलीत तयार केली होती आणि भारतात तिचा वापर 2005 पासून थांबला. पोटाची भीती घालून दवाखाना टाळण्याचे कारण तेव्हाच संपले. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. मात्र त्या निकालासाठी माणसाची लस थांबवायची नसते. या दहा दिवसांत त्या कुत्र्याची विचारपूस धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखी होते. तो जेवला का, पाणी प्याला का, झोप लागली का, हे सकाळ-संध्याकाळ पाहायला चावा बसलेले घर स्वतः येते. दहा दिवसांनंतर कुत्रा धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असा निष्कर्ष निघतो आणि त्याची पुन्हा हाडहुड सुरू होते.

दाखल्याची मुदत साधारण एक वर्षाची असते. ती संपल्यावर पुस्तिकेचा उपयोग कुत्र्याच्या वयाचा वाद मिटवण्यापुरता राहतो. पुढची तारीख डॉक्टर शेवटच्या रकान्यात लिहून देतात. पाने भरली तर नवी पुस्तिका मिळते. ती तारीख मालकाने लक्षात ठेवायची असते, कारण टोचणीच्या बाबतीत कुत्रा स्वतःहून आठवण करून देईल असे आजवरच्या अनुभवावरून वाटत नाही.